‘द हँडमेड्स टेल’ पुन्हा वाचली आणि मत बदललं. तुमचं काय झालं?

कृष्णाकाठ

मार्गारेट ॲटवुड यांची ‘द हँडमेड्स टेल’ मी पहिल्यांदा वाचली ती कोल्हापूरला एम.ए. करत असताना, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. पुस्तक १९८५ चं, म्हणजे तेव्हा तसं ताजंच. वर्गातल्या सेमिनारमध्ये मी या कादंबरीच्या विरोधात बोलले होते आणि तावातावाने बोलले होते. गेल्या महिन्यात ती पुन्हा वाचली. आता मला ती माझ्या आयुष्यातल्या सर्वांत खऱ्या पुस्तकांपैकी एक वाटते. हे कसं झालं ते जरा मोकळेपणाने लिहिते, कारण घरात आणि ऑफिसात हे बोलायला कुणी नाही.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी चार ओळी. अमेरिकेत एक धर्मवेडा गट सत्ता बळकावतो आणि गिलियड नावाचं राज्य उभं करतो. प्रदूषण, किरणोत्सर्ग आणि रोगराईमुळे जन्मदर घसरलेला असतो. ज्या बायकांना मूल होऊ शकतं त्यांना लाल झगे घालून बड्या अधिकाऱ्यांच्या (त्यांना कमांडर म्हणतात) घरी ठेवलं जातं, मूल जन्माला घालण्यापुरतं. त्याला आधार बायबलमधल्या राहेल आणि तिची दासी बिल्हा यांच्या गोष्टीचा. बायकांना लिहिण्या-वाचण्याची बंदी. अशाच एका बाईच्या, ऑफ्रेडच्या, तोंडून सगळी गोष्ट येते.

तेव्हा माझे आक्षेप तीन होते. एक, एवढा मोठा देश इतक्या झटपट कसा कोसळेल? दोन, ही नायिका काहीच करत नाही. तिची मैत्रीण मोयरा पळून जायचा प्रयत्न करते, मार खाते, पुन्हा पळते. मला मोयरा नायिका हवी होती. तीन, शेवटचं ते परिसंवादाचं प्रकरण उगाच चिकटवल्यासारखं वाटलं. पुढे कळलं की मेरी मॅकार्थींसारख्या मोठ्या समीक्षिकेनेही १९८६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिताना हे भविष्य पटत नाही असंच म्हटलं होतं. ते वाचून मी खूश झाले होते.

त्यानंतर मी बँकेत लागले आणि आता निवृत्तीला आलेय. सगळी नोकरी सांगली-साताऱ्याकडच्या शाखांमध्ये झाली. माझं मत बदलायला कारण झालं ते पुस्तकातलं बँकेचं प्रकरण.

पुस्तकात ते मधोमध येतं. ऑफ्रेड नेहमीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात सिगारेटी घ्यायला जाते. गल्ल्यावर रोजच्या बाईऐवजी एक पोरगा बसलेला. तो तिचा खाते क्रमांक यंत्रात घालतो, चालत नाही. पुन्हा घालतो, तरी नाही. ती म्हणते, अरे पैसे भरपूर आहेत खात्यात. त्याच दिवशी तिच्या कामाच्या ठिकाणी, एका वाचनालयात, साहेब सगळ्या बायकांना बोलावून सांगतो की तुम्हाला काढावं लागतंय, कायदाच तसा झालाय. बाहेर बंदुका घेतलेली माणसं. संध्याकाळी मोयरा येऊन उलगडा करते. ज्या खात्यांवर ‘स्त्री’ अशी खूण होती ती सगळी एका फटक्यात बंद केलीत. बायकांना आता मालमत्ता ठेवता येणार नाही. पैसे वापरायचे तर नवऱ्याने, नाहीतर जवळच्या पुरुष नातेवाइकाने. आणि नोटा केव्हाच हद्दपार होऊन सगळे व्यवहार कार्डावर आल्यामुळेच हे इतक्या गुपचूप करता आलं, असं ऑफ्रेड म्हणते.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा आमच्याकडच्या शाखांत जाडजूड लेजरं होती. प्रत्येक नोंद हाताने. तिथे एका दिवसात सगळ्या बायकांची खाती बंद करायची तर निम्मा स्टाफ महिनाभर बसला असता. आज माझ्या पडद्यावर प्रत्येक खातेदाराच्या माहितीत लिंगाचा रकाना आहे. तो भरल्याशिवाय खातंच उघडत नाही. ‘महिला खातेदारांची यादी पाठवा’ असा निरोप वरून आला की चहा गार व्हायच्या आत यादी तयार होते. आजवर ही यादी मी चांगल्याच कामांसाठी काढली आहे, बचत गटांच्या कर्जासाठी, सरकारी योजनांसाठी. पण ते प्रकरण वाचताना माझा हात थांबला. यंत्रणा तीच आहे. १९८५ मध्ये ॲटवुडबाईंना ती दिसली होती.

आणि यंत्रणेच्या आधी माणसं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पंधराशे रुपये यायला लागले तेव्हा शाखेत पाय ठेवायला जागा नसायची. त्या गर्दीत एक बाई होती, भांगलणीला जाणारी, काळीसावळी, खणखणीत आवाजाची. तिला खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदलून हवा होता. पैसे आल्याचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर जातो, ओटीपीही तिकडेच जातो. तिने नवा साधा फोन घेतला होता. फॉर्म भरत होतो तेवढ्यात नवरा आला. आरडाओरडा नाही, काही नाही. शांतपणे म्हणाला, “कशाला पायजे तिला येगळा नंबर? मी हाय की.” बाईने माझ्याकडे बघितलं, फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला आणि गेली.

तो माणूस वाईट नव्हता. तिला दवाखान्यात घेऊन जाताना मी त्याला पाहिलेलं आहे. आणि म्हणूनच मला ल्यूक आठवला, ऑफ्रेडचा नवरा. खातं गोठलं त्या रात्री तो तिला जवळ घेतो आणि म्हणतो की मी आहे ना, मी तुझी काळजी घेईन. नोकरीच गेली ना, असंही म्हणतो. तिला वाटतं, याला या सगळ्याचं फारसं वाईट वाटत नाहीये. कदाचित आवडतंही असेल. आता आपण एकमेकांचे राहिलो नाही, मी त्याची झाले. आणि ती त्याला हे विचारत नाही. विचारून उत्तर मिळालं तर पुढे काय करायचं?

विशीत हे पान मी वाचलं होतं की नाही याचीच मला शंका येते. मला बंदुका आठवत होत्या, भिंतीवर टांगलेली प्रेतं आठवत होती, लाल झगे आठवत होते. ल्यूकचं ते वाक्य अजिबात आठवत नव्हतं.

नोटाबंदीच्या वेळचंही सांगते. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरच्या त्या दिवसांत कितीतरी बायका डाळीच्या डब्यातल्या, जुन्या पातळात गुंडाळलेल्या नोटा घेऊन आल्या. दहा-वीस वर्षं कुणालाही न सांगता साठवलेले पैसे. खात्यात भरायचे म्हणजे पासबुकावर येणार, पासबुक घरात सगळे बघणार. एकीने मला विचारलं, मॅडम, हे छापल्याशिवाय नाही का ठेवता येणार? मी नाही म्हटलं, कारण दुसरं उत्तर नव्हतंच. त्या बायकांकडे हातात धरता येणारा पैसा होता तोवर थोडी मोकळीक होती. ऑफ्रेड नेमकं हेच सांगते.

नायिकेबद्दलचं मतही उलटलं. ऑफ्रेड जेवणातलं लोणी चोरून बुटात लपवते आणि रात्री चेहऱ्याला आणि हातांना चोळते, कारण क्रीम मिळत नाही आणि त्वचा मऊ ठेवायची म्हणजे कधीतरी पुन्हा कुणीतरी प्रेमाने हात लावेल ही आशा जिवंत ठेवायची. पूर्वी मला ही लाचारी वाटायची. आज वाटतं, इतक्या साध्या बाईची गोष्ट सांगायला लेखिकेला मोयराची गोष्ट सांगण्यापेक्षा जास्त हिंमत लागली असेल. मोयराच्या जागी स्वतःला ठेवून सुखाने झोपता येतं. ऑफ्रेडच्या जागी ठेवलं की झोप उडते, कारण आपण बहुतेक जणी तशाच वागू.

आणि ते शेवटचं प्रकरण! २५ जून २१९५ ला एक इतिहास परिषद भरते. प्राध्यापक पिएशोतो नावाचे गृहस्थ सांगतात की मेन राज्यात बँगोरला एका पेटीत तीसेक कॅसेटी सापडल्या, त्यांवरून ही गोष्ट उतरवून काढली. बायकांच्या पळून जायच्या भूमिगत वाटेवर ते विनोद करतात, सभागृह हसतं. मग ती कोणत्या कमांडरच्या घरी होती याचा शोध घेण्यात त्यांचं सगळं कसब खर्च होतं. तिने कमांडरच्या संगणकातले चार कागद दिले असते तर किती बरं झालं असतं, अशी हळहळ. तिचं पुढे काय झालं हे कुणालाच माहीत नाही. आणि गिलियडला दोष देण्याची घाई करू नका, समजून घ्या, असं ते म्हणतात तेव्हा टाळ्या पडतात. सगळी कादंबरी वाचून झाल्यावर या टाळ्या माझ्या अंगावर आल्या. राज्य बुडालं, दोनशे वर्षं लोटली, तरी तिच्या बोलण्याला किंमत कमांडरचा पत्ता लागण्यापुरतीच.

माझा प्रश्न असा. तुमच्यापैकी कुणी ही कादंबरी दोन वेगवेगळ्या वयांत वाचली आहे का? मत कोणत्या दिशेने बदललं, आणि नेमकं कोणत्या पानाने बदललं? आणखी एक, ल्यूकच्या बाबतीत मी फार कठोर होतेय का?

अनघा७

मी फक्त मालिका बघितली, २०१७ ची, तीही दोन सीझन. त्यात ल्यूक चांगला दाखवलाय, कॅनडात जाऊन बायकोसाठी जीव टाकतो. तुमची पोस्ट वाचून पुस्तक मागवलं.

मनवा

कृष्णाकाठताई, तुमचं बँकेचं वाचून मला लिहावंच लागतंय.

मी बॉस्टनजवळ राहते. कादंबरी जिथे घडते ते केंब्रिज इथून ट्रेनने थोडक्या वेळात येतं. पुस्तकातली प्रेतं टांगायची भिंत म्हणजे हार्वर्डच्या आवाराची विटांची भिंत. ॲटवुड साठच्या दशकात इथेच शिकत होत्या. त्या काळात हार्वर्डच्या लॅमाँट ग्रंथालयात मुलींना प्रवेशच नव्हता, तो १९६७ मध्ये मिळाला. त्यांनी बायकांना वाचनबंदी असलेलं राज्य याच गल्ल्यांत वसवलं, यामागे हेही असणार असं मला त्या ग्रंथालयासमोरून जाताना दर वेळी वाटतं.

पहिल्यांदा मी हे पुस्तक पुण्यात वाचलं होतं, इंजिनिअरिंगला असताना. ‘अमेरिकेतल्या कट्टर ख्रिश्चनांवरची कादंबरी’ म्हणून वाचलं आणि बाजूला ठेवलं. आपला काय संबंध?

मग लग्न होऊन एच-फोर व्हिसावर इथे आले. माहीत नसेल त्यांच्यासाठी: नवरा एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, बायको त्याच्यावर अवलंबून म्हणून एच-फोरवर. तेव्हा एच-फोरवर कामाची परवानगी नव्हती. पुण्यात मी टीम सांभाळत होते आणि इथे आल्यावर कायद्याने एक डॉलर कमवायची सोय नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नाही, म्हणून स्वतःची पत नाही. घरभाड्याच्या करारात माझं नाव ‘इतर राहणारे’ या रकान्यात. कार्ड होतं, पण ते नवऱ्याच्या खात्यावरचं जोडकार्ड. मी वाणसामान घेतलं की त्याच्या फोनवर मेसेज जायचा. तो कधी एका शब्दाने बोलला नाही. उलट मी कमी खर्च करते म्हणून रागवायचा. तरी मी स्वेटर घेताना दोनदा परत ठेवलेला आहे.

त्या दिवसांत इथल्या सार्वजनिक वाचनालयातून पुस्तक पुन्हा आणलं. तुम्ही म्हणता तेच पान. मला वाचता वाचता रडू फुटलं. मला कुणी बंदूक दाखवली नव्हती. मी स्वतः व्हिसाच्या फॉर्मवर सही करून आले होते.

२०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला आणि ज्यांच्या नवऱ्यांचं ग्रीन कार्डचं काम एका टप्प्यापर्यंत आलंय अशा एच-फोर बायकांना कामाची परवानगी मिळू लागली. मी त्यांतली एक. त्यावर कोर्टात खटले चालले, दर निवडणुकीला ‘ही परवानगी काढून घेणार’ अशी चर्चा उठली, आणि दर वेळी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्र रात्र कुणी झोपलं नाही. जे नियमाने मिळालं ते नियमाने जाऊ शकतं.

अमेरिकन बायकांचंही फार वेगळं नव्हतं. कर्ज किंवा क्रेडिट कार्ड देताना बाई आहे किंवा विवाहित आहे म्हणून नाकारू नये असा कायदा इथे १९७४ मध्ये झाला. त्याआधी अनेक बँका नवऱ्याची सही मागत. ॲटवुडनी कादंबरी लिहायला घेतली १९८४ मध्ये. म्हणजे ते स्वातंत्र्य जेमतेम दहा वर्षांचं होतं. ज्यांना ते प्रकरण ओढूनताणून आणलेलं वाटलं त्यांनी ही तारीख बघावी.

एका बाबतीत मात्र माझं मत उलट दिशेने गेलंय. २०१७ मध्ये टेक्ससच्या विधिमंडळात बायका लाल झगे घालून जाऊन बसल्या, तेव्हा मला अभिमान वाटला होता. २४ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा १९७३ पासूनचा घटनात्मक हक्क काढून घेतला, तेव्हाही तेच झगे, त्याच पांढऱ्या टोप्या दिसल्या. आता मला त्या पोशाखाची भीती वाटते. तो पाहिला की लोकांना वाटतं की जोवर झगे अंगावर चढत नाहीत तोवर आपण गिलियडमध्ये नाही. टेक्ससमध्ये २०२१ साली जो कायदा आला त्यात पोलीसच नव्हते. सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपाताला मदत करणाऱ्यावर कुणीही नागरिक दावा लावू शकतो आणि जिंकला तर किमान दहा हजार डॉलर मिळवू शकतो. शेजारी, चुलतभाऊ, कुणीही. तिथे राहणारी माझी मैत्रीण तेव्हा गरोदर होती, काही गुंतागुंत होती, आणि ती फोनवर बोलताना शब्द निवडून बोलायला लागली होती.

सावली_म

मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात शिकवते. माझा प्रवास तुमच्या उलटा. विद्यार्थिनी असताना मी या कादंबरीवर जीव टाकला होता. आज ती मला अर्धी वाटते, आणि ते स्पष्ट सांगायला हवं.

गिलियडमध्ये बायकांवर काय काय लादलंय ते बघा. नाव काढून घेणं. लिहा-वाचायला बंदी. मालकाने बाईचं शरीर वापरणं. जन्मलेलं मूल दुसऱ्याचं होणं. पळून जायला भूमिगत वाट. यातलं एकूण एक अमेरिकेत काळ्या बायकांवर गुलामगिरीत झालेलं आहे. ॲटवुडनीच सांगितलंय की इतिहासात घडलं नाही असं काही त्यांनी पुस्तकात घातलं नाही. मान्य. पण ज्यांच्यावर घडलं त्या काळ्या बायका पुस्तकात कुठे आहेत? टीव्हीवरच्या बातमीत एक उल्लेख येतो, ‘हॅमच्या संतती’ला, म्हणजे काळ्या लोकांना, नॉर्थ डकोटात नेऊन वसवलं जातंय. संपलं. त्यांचा इतिहास घेतला आणि त्यांना कथेबाहेर पाठवलं.

त्यामुळे माझा प्रश्न असा की हे भविष्य कुणासाठी भविष्य आहे? बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ ऐंशीच्या दशकातलंच आहे. त्यात नवी सून, म्हणजे आठ-नऊ वर्षांची पोर, पळून जाऊ नये म्हणून तिच्या पायात लाकडाचा खोडा अडकवल्याचं वर्णन आहे. पाय रक्ताळेपर्यंत. त्यांनी ते भविष्य म्हणून लिहिलं नाही, आठवण म्हणून लिहिलं. माझी आजी ते ऐकत होती तेव्हा नुसती मान हलवत होती, कारण तिला ते नवं नव्हतं.

आणि आज. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या, विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. माझ्या वर्गात त्या टोळ्यांमधल्या घरांतल्या मुली बसतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस कामावर नाही गेलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून वळते. पाळीत पोट दुखतंय म्हणून बसायची सोय नाही, फडात संडास नाही, पाणी नाही, अंगावरून जाण्याचं दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढायचं. मग गावातला डॉक्टर पिशवीच काढून टाक म्हणतो, कॅन्सर होईल म्हणतो, आणि विशी-पंचविशीतली बाई कर्ज काढून ती काढते.

गिलियडमध्ये गर्भाशय आहे म्हणून बाईला किंमत. फडावर गर्भाशय आहे म्हणून खाडा. हिशेब मालकाचाच. पण दुसऱ्या गोष्टीवर जगभर कुणी झगे घालून मोर्चे काढत नाही, कारण ती आपल्या वर्गातल्या वाचकांवर येणार नाही.

कृष्णाकाठताई, तुमचं लिहिणं मला मनापासून आवडलं. ती भांगलणीची बाई तर फारच. फक्त एवढंच, तिने स्वतः ही गोष्ट सांगितली तर ती ‘पुढे असं होईल’ म्हणून सांगणार नाही.

कृष्णाकाठ

सावलीताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. त्या बातमीतल्या उल्लेखावरून मी दोन्ही वाचनांत सरळ पुढे गेले होते. तुम्ही सांगितल्यावर पान उघडून पाहिलं. खरंच तेवढंच आहे.

तरी एक म्हणायचंय. ऑफ्रेड एका ठिकाणी सांगते की जुन्या दिवसांतही बायकांना मारून टाकल्याच्या बातम्या पेपरात यायच्या, पण त्या दुसऱ्याच बायकांच्या असायच्या, कुणा तिऱ्हाइताने पाहिलेल्या वाईट स्वप्नांसारख्या. आम्ही छापलेल्या मजकुराच्या कडेच्या कोऱ्या जागेत राहत होतो, असं काहीसं. म्हणजे दुसऱ्यांवर जे चाललं होतं त्याकडे न बघता जगणारी ही बाई आहे, आणि लेखिकेला ते माहीत आहे. नंतर तेच तिच्यावर येतं. तेव्हा हा आंधळेपणा नायिकेचा म्हणून मला पटतो. पण पुस्तकाने तिच्या पलीकडे जाऊन बघायला हवं होतं का? हो, हवं होतं. परिषदेच्या त्या प्रकरणात तर लेखिकेला नायिकेच्या डोळ्यांची अडचणही नव्हती.

मनवा, तुमचा स्वेटर माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आमच्याकडे विथड्रॉवल स्लिपवर सही करून दहा हजार काढणाऱ्या शिक्षिका आहेत, स्वतःचा पगार, आणि त्यातले पाचशे वेगळे द्या म्हणून हळूच सांगतात. त्यांनाही कुणी कधी काही म्हटलेलं नसतं.

हेमंत_सर

मी शाळेत इतिहास शिकवायचो, आता निवृत्त. ल्यूकबद्दल विचारलंत म्हणून लिहितो.

मला वाटतं तुम्ही त्याच्याशी थोड्या कठोर आहात. बायको-मुलीला घेऊन सीमेकडे निघणारा तोच आहे. निघण्याआधीच्या रात्री घरातलं मांजर मारायचं काम तो करतो, कारण मागे राहिलं तर ओरडून शेजाऱ्यांना कळेल, आणि बरोबर नेता येत नाही. हा माणूस त्या रात्री सुखात नव्हता. शिवाय त्याची बाजू आपल्याला तिच्या आठवणीतूनच कळते. मला त्याच्यात मी दिसलो हे खरं आहे. माझ्या पत्नीने मुलं लहान असताना नोकरी सोडली तेव्हा मी जवळपास हेच वाक्य बोललो होतो आणि मला ते प्रेमाचं वाटलं होतं. तिला ते कसं वाटलं हे मी या कादंबरीनंतर विचारलं. तिचं उत्तर मी इथे लिहिणार नाही, पण विचारायला हवं होतं एवढं नक्की.

‘असं कुठे होतं का’ म्हणणाऱ्यांसाठी रुमानिया. तिथला हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ मध्ये फर्मान क्रमांक ७७० काढून गर्भपातावर जवळपास बंदी आणली, गर्भनिरोधकं मिळेनाशी झाली. पुढच्या वर्षी जन्म जवळपास दुप्पट झाले. मग लोकांनी चोरवाटा शोधल्या आणि जन्मदर पुन्हा उतरला, तेव्हा ऐंशीच्या दशकात कारखान्यांत बायकांच्या तपासण्या सुरू झाल्या, कुणी गरोदर आहे का आणि राहिली असेल तर ते टिकतंय का हे बघायला. चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो बायका मेल्या. चाउशेस्कू पडला १९८९ च्या डिसेंबरात आणि नव्या सरकारने ते फर्मान लगोलग रद्द केलं. ॲटवुड १९८४ मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये भाड्याच्या जर्मन टाइपरायटरवर ही कादंबरी लिहायला बसल्या, तेव्हा हे सगळं त्याच खंडात चालू होतं.

कुणी आंटींबद्दल, म्हणजे हँडमेड्सना शिकवून तयार करणाऱ्या बायकांबद्दल, लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं. गिलियडमध्ये बायकांना वठणीवर आणायचं काम बायकाच करतात. जनीन नावाची मुलगी आपल्यावर चौदाव्या वर्षी झालेला बलात्कार सांगते आणि आंटी बाकीच्या मुलींकडून एका सुरात वदवून घेतात की दोष तिचाच. मला तिथे रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ आठवल्या. न्यायमूर्ती बायकोला शिकवत होते आणि तिचा छळ चालला होता तो घरातल्या बायकांकडून. पुस्तक हातात दिसलं की टोमणे, अबोला. त्या बायकांच्या हाती तेवढीच एक सत्ता होती. त्या आंटींमधल्या आंट लिडियाच्या हातीही तेवढीच आहे.

मनवा

सर, २०१९ मध्ये ॲटवुडनी याचा पुढचा भाग काढला, ‘द टेस्टामेंट्स’. त्यातल्या तीन निवेदिकांपैकी एक आंट लिडिया आहे, तिने हे काम का पत्करलं ते ती स्वतः सांगते. त्याला बुकर मिळालं, बर्नार्डिन एव्हरिस्टो यांच्याबरोबर विभागून. वेगवान आहे, एका दमात होतं. पण पहिल्या पुस्तकात जी दारं उघडी सोडली होती ती त्यात बरीचशी बंद होतात. मला ते रुचलं नाही. ऑफ्रेडचं काय झालं हे न कळणंच मला बरोबर वाटायचं.

सावली_म

कृष्णाकाठताई, कोऱ्या जागेचं तुम्ही म्हणता ते पान मी विसरले होते. त्याने माझं मत बदललं नाही, पण पुढच्या सत्रात शिकवताना ते पान आणि ‘जिणं आमुचं’मधलं खोड्याचं पान एकाच तासाला समोरासमोर ठेवीन. मुलींना काय दिसतं ते त्याच सांगतील. ऊसतोडीच्या हंगामात निम्म्या मुली फडावर असतात, त्यामुळे मार्चनंतरचाच तास धरावा लागेल.

कृष्णाकाठ

नक्की करा, आणि मुली काय म्हणाल्या ते इथे लिहा. ‘जिणं आमुचं’ आमच्या नगर वाचनालयात आहे, शनिवारी आणते. हेमंत सर, ल्यूकच्या मांजराचा प्रसंग मी फक्त क्रूर म्हणून वाचला होता, तुमच्या बाजूनेही पुन्हा वाचते. पण खातं गोठलं त्या रात्रीबद्दल माझं मत तेच आहे. त्याने एकदा तरी विचारायला हवं होतं, तुझे पैसे मी कसे वापरू, तू सांग.